एकच गाणं येणाऱ्या निमगडे काकू

निमगडे काकूंना विशेषणांचा भारी राग. माणसांचाही यायचा, नाही असं नाही. पण माणूस चहा पाजून, "चुकलं बाप्पा" म्हणून सुटून जाऊ शकत असे. विशेषण सुटत नसे. आमच्या हापिसातून बाहेर जाणारं एकूण एक पत्र त्यांच्या टेबलावरून जाई आणि त्या टेबलावर लाल पेन कायम उघडंच पडलेलं असे. त्याचं टोपण कुठं गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून फायलींचे ट्रक येऊ लागले. आमचं हापिस शंकर नगरात एका भाड्याच्या घरात लागलं होतं. स्वयंपाकघरात लेखा शाखा, न्हाणीघरात स्टेशनरी आणि बेडरूममध्ये साहेब. काकू हेडक्लर्क. त्यांचं टेबल हॉलमध्ये, बरोबर दारासमोर, म्हणजे उशिरा येणाऱ्याला दुसरी वाटच नाही. छापील कागदांवर जुन्या राज्याचं नाव होतं. नवे कागद छापून येईतोवर आम्ही ते हातानं खोडून नवं नाव लिहीत असू. काही पोट्टे फराफरा रेघोट्या ओढून मोकळे होत. काकू तो कागद परत करीत. "सरळ रेघ मार. जुनं राज्य आहे ते, वैरी नाही."

दुबे साहेब भोपाळहून बदलून आले तेव्हा त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पत्र लिहिलं, 'आपके पत्र पर त्वरित कार्यवाही करते हुए' वगैरे. काकू कागद घेऊन थेट बेडरूममध्ये. आम्ही सगळे कान टवकारून बसलो.

"सर, ये 'त्वरित' काट दूँ?"

"क्यों?"

"होली का पत्र है, सर. अब दिवाली आ गई."

साहेबांनी स्वतःच्या हातानं 'त्वरित' खोडलं. पुढं एकदा त्यांनी 'अत्यंत हर्ष का विषय है' लिहिलं तर काकूंनी समासात लाल शाईनं विचारलं, 'किसको हुआ?' साहेब चिडले, पण उत्तर सापडेना म्हणून हर्षही गेला. माणूस चांगला होता हो. नाहीतर असल्या बाईची बदली पार दूर जगदलपूरला व्हायला कितीसा वेळ लागतो.

आम्ही दोघं गुढियारीतले, एकाच गल्लीतले. त्यामुळे हापिसात ज्या निमगडे मॅडम, त्या घरी माझ्या काकू, आणि रोज सकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसून शंकर नगरला येणाऱ्या सवारी. एका बाजूला पाय, मांडीवर डब्याची पिशवी आणि तोंड सुरू. "वानखडे, हार्न काहून वाजवून राहिला? गाय आहे ते. तिले हार्न समजत नाही. तू बाजूनं घे, तुले समजते ना?" अंडरब्रिजमध्ये पाणी साचलं की त्या उतरत, साडी धरून पायी पलीकडे जात आणि तिथं उभं राहून मला चिखलातून स्कूटर कशी काढायची ते शिकवत. स्वतः आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. पण सांगायच्या ते बरोबर असायचं, हीच तर पंचाईत.

चारचौघांत कच्चं काम त्यांना सहन होत नसे. आमच्या लग्नात माझ्या बायकोनं नवी नवरी म्हणून पंगतीत पोळ्या वाढायला घेतल्या, त्यातली एक फाटकी निघाली. काकूंनी ती तिच्या हातून काढून घेतली, स्वतःच्या पानात टाकली आणि हळूच म्हणाल्या, "घरी फाटली त चालते, पोरी. पंगतीत नाही." बायकोला अजून आठवते ते. राग येत नाही तिला, कारण त्याच दिवशी आचारी पळून गेल्यावर चुलीवरच्या रश्शाच्या गंजाशी घामाघूम होऊन काकूच उभ्या होत्या. पण आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया हळदीला ढोलकी घेऊन बसल्या आणि काकूंना ओढू लागल्या की त्या हात सोडवून घेत. "ना वं, मले येत नाही. अन् येत नाही ते चारचौघांत करू नये." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. सगळं आयुष्य त्यांनी असंच काढलं. जे करीत ते चोख, आणि जे चोख येत नाही त्याच्या वाटेलाच जायचं नाही.

अशा बाईला मेंडोलिनचं वेड लागलं, आता बोला.

झालं असं की सदर बाजारात माझी स्कूटर पंक्चर झाली. मी पंक्चरवाल्याकडं आणि काकू शेजारच्या वाद्यांच्या दुकानाच्या सावलीत. दुकानदार एका गिऱ्हाइकाला मेंडोलिन वाजवून दाखवत होता. ते लहानसं, पोट फुगलेलं वाद्य, तारांच्या जोड्या; एकाच सुरावर तारा छेडायची पत्ती भराभरा हलवली की तो सूर थरथरत लांबत जातो. पंक्चर निघालं, मी हाक मारली, काकू हलेनात. गिऱ्हाईक निघून गेलं तरी हलेनात. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "माताजी, लेना है क्या?"

त्या परत आल्या, स्कूटरवर बसल्या आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. गायी आल्या, गेल्या, मी हार्न वाजवले, काही नाही. घरापाशी उतरल्यावर पिशवी सावरत म्हणाल्या, "वानखडे, मले येईन काय रे ते?"

मी म्हटलं, "काहून नाही, काकू?"

"तुले काय माहीत," म्हणाल्या आणि आत गेल्या. पण पुढच्या पगाराला मेंडोलिन घरात आलं.

शिकवायला साहू गुरुजी सापडले. दिवसा शिलाई मशीन आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, असा त्यांचा संसार. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून ते शिकवीत आणि काकू समोर चटईवर. एकदा मी त्यांना आणायला गेलो तर पाहतच राहिलो. जिला दुबे साहेब भितात ती बाई मान खाली घालून बसलेली आणि गुरुजी छत्तीसगढीत म्हणताहेत, "हव दीदी, फेर बजा." काकू परत वाजवीत. परत चुकत. चुकल्या की थांबत, कपाळाला आठी घालीत आणि पार पहिल्या सुरापासून सुरू करीत. गुरुजींना ते मान्य नव्हतं. "गलती होही त होवन दे, दीदी. रुकबे झन." चूक झाली तर होऊ द्या, थांबू नका. काकू "हव" म्हणत आणि पुढच्या चुकीला पुन्हा थांबत. चूक दिसली आणि पुढं गेल्या, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, तर मेंडोलिनवर कसं होणार?

गुरुजींनी त्यांना एक ददरिया दिला होता. शेतात काम करताना इकडची बायामाणसं म्हणतात तशातली चाल, सोपी, गोड, चार ओळींची. सिनेमाची गाणी फार वळणं घेतात, आधी हे बसू द्या, असं गुरुजींचं म्हणणं. सहा-सात महिने तेवढंच चाललं. घरी रियाज करताना काकू टीव्ही मोठा करून ठेवीत, गल्लीला कळू नये म्हणून. गल्लीला सगळं कळत होतं. टीव्हीवर बातम्या आणि बातम्यांच्या मागं ददरिया. तिसऱ्या ओळीपाशी थांबला की आम्ही आपापल्या घरात समजून जायचो, चुकल्या. मग परत पहिल्यापासून. चौथ्या ओळीचा शेवट आमच्या गल्लीनं कधी ऐकलाच नव्हता. माझी बायको तर भांडी घासता घासता म्हणायची, "आज तरी पोचन का हो ते गाणं?" डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी सोलून निघाली होती. हापिसात कुणी विचारलं की काकू सांगत, "शिकून राहिली काही." खोटं नाही, पण जास्तही नाही.

निमगडे काका, म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेच्या मालधक्क्यावर होते. अत्यंत कमी बोलणारा माणूस. (हे 'अत्यंत' काकूंनी खोडलं असतं, पण खरं आहे.) त्यांना मी एकदा छेडलं, "काका, रोज तेच ते ऐकून कान नाही किटले?" काका म्हणाले, "ऐकतो ना." एवढंच. आणि तंबाखू मळत राहिले.

आता ठवकर भाऊंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यांच्यामुळे झालं. गुढियारीत त्यांचा फोटो स्टुडिओ आणि आमच्या पाऱ्यातल्या मराठी मंडळाचे ते सचिव. हिवाळ्यात मंडळाचं स्नेहसंमेलन व्हायचं आणि त्याची पत्रिका ठवकर भाऊ स्वतः लिहायचे. आता आपल्या लोकांच्या पत्रिकेची रीत तुम्हाला ठाऊक असेल. नाव नुसतं छापायचं नसतं. तंबूवाल्याला 'दानशूर', चहावाल्याला 'समाजसेवी', नात्यागोत्यातल्या कुणीही गळा काढला तरी 'सुमधुर'. एखाद्याचं नाव बोडकं राहिलं तर तो माणूस वर्षभर बोलत नाही, त्याची बायको तर दोन वर्षं. ठवकर भाऊंनी हे चटके खाल्ले होते. म्हणून ते सढळ हातानं वाटत.

पत्रिका घरोघरी वाटून झाल्यावर आमच्याकडं आली. मी वाचली आणि चप्पल न घालता काकूंच्या घरी गेलो. पण मला उशीर झाला होता. त्या दारातच उभ्या होत्या, पत्रिका हातात. छापलं होतं: 'सुप्रसिद्ध मेंडोलिन वादिका सौ. शकुंतलाताई निमगडे यांचे वादन.' आणि खाली, प्रमुख पाहुणे म्हणून आमचे दुबे साहेब. नवीन राजधानी, मोठा अधिकारी, ठवकर भाऊंना मंडळासाठी जागा मिळवायची होती.

काकू रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"चाल," म्हणाल्या.

ठवकर भाऊ स्टुडिओत एका पोराचा पासपोर्ट फोटो काढत होते. काकूंनी पोराचा फोटो होऊ दिला. मग पत्रिका काउंटरवर ठेवली.

"सुप्रसिद्ध कोण?"

"तुम्ही, काकू," ठवकर भाऊ खुशीत म्हणाले. "तुम्ही शिकून राहिल्या ना? म्हटलं, नाव टाकून देऊ. सरप्राईज!"

"मी? कोणात प्रसिद्ध आहो मी?"

"आपल्या पाऱ्यात सगळ्यायले माहीत आहे की, काकू. टीव्हीच्या मागून येते ना आवाज."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ठवकर भाऊंच्या तेव्हा लक्षात आलं की मामला बिघडला आहे. "बरं, बरं, रागावू नका. नाव कट करून देतो. माईकवर सांगून देतो, तब्येत बिघडली म्हणून. झालं?"

"तब्येत नाही बिघडली माझी."

"अवं काकू, सांगाले काय जाते?"

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांची अडचण मला तेव्हा कळली. आजारी आहे म्हणावं तर ते खोटं. स्टेजवर जाऊन बसावं तर 'सुप्रसिद्ध' खोटं. जावं, वाजवावं आणि चुकावं, तेही दुबे साहेबांसमोर, हापिसातल्या त्या सगळ्यांसमोर ज्यांची पत्रं त्यांनी लाल केली होती, पंगतीत फाटकी पोळी नको म्हणणाऱ्या बाईनं स्वतः ती वाढावी? जन्मभर जे टाळलं तेच. बरं, गाणं एकच, आणि तेही कधी शेवटाला गेलेलं नाही.

"छापलं आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "छापलं त वाजवा लागन."

घरी परत येताना मी म्हटलं, "काकू, सोडा ना. कोणी काही नाही म्हणत." त्या म्हणाल्या, "मी म्हणते ना स्वतःले." त्यानंतर रोज टीव्ही बंद असे. ददरिया उघडाच वाजे, तिसऱ्या ओळीपर्यंत.

हापिसात बातमी पसरायला काय लागतं. स्वयंपाकघरातल्या लेखा शाखेत तर पैजा लागल्या. "अब मज़ा आएगा, अब मैडम की कॉपी जँचेगी," आता मॅडमची वही तपासली जाणार, असं कुणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही त्या ओट्याला टेकून उभा होतो. संमेलनाला यायचं म्हणून अख्खं हापिस तयार, इतकी हजेरी तर पगाराच्या दिवशीही लागली नव्हती.

संमेलन आमच्या प्राथमिक शाळेच्या मैदानात. लाल खुर्च्या, पुढं पांढऱ्या चादरीचा सोफा, त्यावर दुबे साहेब, गळ्यात झेंडूचा हार. मागं रेल्वेलाइन, मालगाड्यांचे डबे जोडताना धडामधूम आवाज येतात, त्याची आम्हाला सवय. लहान पोरींचे नाच झाले, एका काकांनी नकला केल्या, त्यांच्या 'सुमधुर' पुतणीनं गाणं म्हटलं आणि ते गाणं एका वाटेनं आणि पेटी दुसऱ्या वाटेनं गेली तरी टाळ्या पडल्या. आपल्याकडं टाळ्यांची टंचाई नसते.

मग ठवकर भाऊंनी नाव पुकारलं. विशेषणासकट, सवयीनं.

काकू साधी निळी साडी नेसल्या होत्या, हापिसात नेसत तीच. मेंडोलिन काका घेऊन आले, चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांनी, तान्हं पोर धरावं तसं. त्यांनी ते काकूंच्या हातात दिलं आणि पहिल्या रांगेत न बसता कनातीच्या खांबाला टेकून उभे राहिले. साहू गुरुजी त्यांच्या शेजारी.

काकू बसल्या. माईक ओढून घेतला.

"नमस्कार. पत्रिकेत एक चूक आहे."

ठवकर भाऊंनी हातातली पत्रिका डोळ्यांजवळ नेली.

"माह्या नावाच्या आधी एक शब्द छापला आहे, तो खोटा आहे. ज्याच्याजवळ पत्रिका अन् पेन असन, त्यानं आत्ता खोडून टाका."

लोक हसले. पण खरं सांगतो, पेनं निघाली. आमच्या हापिसातल्या पोरांना तर हातच थांबवता येईना, सवय पडली होती. दुबे साहेबांनी खिशातून पेन काढलं, पत्रिका गुडघ्यावर घेतली आणि एक सरळ रेघ मारली. मी मागूनच पाहिलं.

"मी नवशिकी आहो," काकू म्हणाल्या. "मले एकच गाणं येते. तेही पुरं येते का नाही, माहीत नाही. ज्याले हासाचं असन त्यानं आत्ता हासून घ्या."

मग त्यांनी वाजवायला घेतलं. पहिली ओळ झाली. दुसरी निम्मी झाली आणि आवाजच बंद. त्यांच्या बोटांतून प्लास्टिकची पत्ती सुटली होती आणि सरळ मेंडोलिनच्या पोटातल्या भोकात गेली होती.

आता हे नवशिक्यालाच होतं, आणि जगात सगळ्यात वाईट ठिकाणी होतं. काकूंनी मेंडोलिन उलटं केलं आणि हलवलं. आत खडखड. परत हलवलं. खडखड. माईक सगळा आवाज टिपत होता. गुरुजी वर यायला निघाले, तर काकूंनी हातानं 'बसा' केलं. मागं कुणी तरी खुदकन हसलं आणि त्याला त्याच्या बायकोनं असं हाणलं की तेही ऐकू आलं. मला वाटलं, सोडा ना काकू, उठून या, कोण काय म्हणते! पण त्या मेंडोलिन डोक्यावर धरून हलवीत राहिल्या, कपाळाला तीच आठी घालून, आणि एकदाची पत्ती टपकन त्यांच्या मांडीवर पडली. काकूंनी ती उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"सापडली," म्हणाल्या.

अहो, काय टाळ्या! वाद्य वाजायच्या आधी एवढ्या टाळ्या कुणाला मिळाल्या असतील तर दाखवा. आणि मला वाटतं त्या टाळ्यांत काही तरी झालं. काकूंचे खांदे खाली आले. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिली ओळ. दुसरी. तिसरी आली आणि आमची अख्खी गल्ली श्वास रोखून बसली. माझ्या बायकोनं माझा हात आवळला. आणि चुकल्या. व्हायचं तेच झालं, तिथंच, त्याच सुरावर, बोट एक घर अलीकडे पडलं. बेसूर असा खणकला की मागच्या खुर्चीवरच्यालाही कळावं. मी डोळे मिटले. आता थांबणार. आता पहिल्यापासून.

नाही थांबल्या.

मी डोळे उघडले तेव्हा काकूंची मान खाली होती, ओठ घट्ट, आणि पत्ती चालतच होती. चूक मागं पडली आणि ओळ पुढं गेली. खाली साहू गुरुजी दोन्ही हात वर करून ओरडले, "हव दीदी, हव!" आणि चौथी ओळ आली. आम्ही कधी न ऐकलेली. सूर वर गेला, थरथरत लांबला, मग हळूच खाली उतरून घरी यावं तसा पहिल्या सुरावर टेकला. कनातीमागं तंबूवाल्याचे मजूर बसले होते, छत्तीसगढी माणसं. चाल त्यांची. त्यांनी टाळीवर ताल धरला. मग खुर्च्यांनी धरला. आमच्या तीन-तीन पिढ्या इथं गेल्या, भंडारा-वर्ध्याहून आजोबा आले तेव्हापासून हा ददरिया आमच्या कानांत आहे, फक्त मंडळाच्या स्टेजवर कुणी आणला नव्हता. काकूंनी वेग वाढवला. त्यांना वाढवायचा होता की हात सुटला होता, कोण जाणे. दुसऱ्यांदा चारही ओळी झाल्या, तिसऱ्यांदा झाल्या, चुका झाल्या असतील तर मला कळल्या नाहीत. सुटलेल्या मालगाडीसारखं ते गाणं चाललं होतं आणि बाई त्याच्यावर बसून होती.

संपलं तेव्हा क्षणभर त्यांना कळलंच नाही की संपलं. मग वर पाहिलं.

लोक उभे होते. दुबे साहेब हारासकट उभे. "वन्स मोर!" असं लेखा शाखेतून आलं, त्या पैजा लावणाऱ्यांतूनच. काकू माईकवर घाबरून म्हणाल्या, "दुसरं येत नाही ना मले!"

"तेच, काकू, तेच!" मी ओरडलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, सांगायला लाज कसली. "तेच वाजवा!"

आणि त्यांनी तेच वाजवलं. हसत. त्यांना असं दात दिसेपर्यंत हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खांबापाशी निमगडे काका ताल चुकवून टाळ्या वाजवीत होते आणि त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

सोमवारी हापिसात दुबे साहेबांनी एक कागद स्वतः त्यांच्या टेबलावर आणून ठेवला. अभिनंदनाचा. 'आपने अति सुंदर मेंडोलिन बजाया.' काकूंनी तो वाचला, लाल पेन घेतलं आणि 'अति सुंदर' खोडलं. राहिलं, 'आपने मेंडोलिन बजाया.' "हे खरं आहे," म्हणाल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. साहेबांना राग आला नाही. त्यांनी मान हलवली आणि बेडरूममध्ये गेले.

त्यानंतर काकू निवृत्त होईपर्यंत आणि पुढंही दर संमेलनाला वाजवीत. ठवकर भाऊ त्यांचं नाव आता बोडकं छापत, घाबरून. दुसरं गाणं बसलं, मग तिसरं, मग मी मोजणं सोडून दिलं. काकूंच्या पाठोपाठ आमच्या पाऱ्यातल्या बाया कायकाय करायला लागल्या म्हणता! माझ्या बायकोनं स्कूटर शिकायला घेतली, भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर पडत. नळावर एक जण हिणवायला लागली तर हिनं ऐकवलं, "पडन. मंग चालवन."

शेवटचं पाहिलं ते रायपूर स्टेशनवर. काका-काकू घर आवरून नागपूरला मुलीकडं राहायला निघाले होते, कायमचे. मी सामान चढवून खिडकीशी उभा. काका वरच्या बर्थवर पिशव्या लावीत होते, पण मेंडोलिन काकूंनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. आता त्याला चांगली कापडी पिशवी होती, ती मांडीवर आडवी. समोर एक गृहस्थ बसले होते, गप्पिष्ट.

"माताजी, ये गिटार है?"

"मेंडोलिन."

"नाती का होगा?"

"मेरा."

"अरे वा! इस उमर में सीख रही हैं?"

काकू पत्रातल्या एखाद्या शब्दाशी थांबत तशा थांबल्या, तो शब्द राहू द्यायचा की काढायचा ते ठरवीत. गाडीनं शिटी दिली. मी खिडकीचा गज धरून चालू लागलो.

"बजाती हूँ," त्या म्हणाल्या. मग जराशा सावरून बसल्या, त्या माणसाकडं सरळ पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अच्छा बजाती हूँ."